अग्निशस्त्रांच्या किमतींची खुली जाहिरात : अमेरिकेतील परवानाधारक विक्रेत्यांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

फेब्रुवारी १९६३ च्या 'अमेरिकन रायफलमन' या मासिकात शिकागो येथील क्लाइन्स स्पोर्टिंग गुड्स या दुकानाची जाहिरात प्रसिद्ध झाली होती. इटालियन बनावटीच्या एका जुन्या लष्करी रायफलीची किंमत तीत १२ डॉलर ८८ सेंट, व दुर्बिणीसह १९ डॉलर ९५ सेंट अशी दिलेली होती. एका ग्राहकाने जाहिरातीतील कूपन कापले, 'ए. हिडेल' असे खोटे नाव लिहिले, टपालखर्चाचा दीड डॉलर जोडून २१ डॉलर ४५ सेंटची मनीऑर्डर पाठविली आणि रायफल डॅलस शहरातील एका टपालपेटीच्या पत्त्यावर येऊन पोहोचली. हा ग्राहक म्हणजे ली हार्वे ओस्वाल्ड. त्याच वर्षी २२ नोव्हेंबर रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांची हत्या याच रायफलीने झाली, असा निर्वाळा वॉरन आयोगाने दिला.

अमेरिकेतील टपालाद्वारे होणाऱ्या शस्त्रविक्रीचा प्रश्न या घटनेमुळे ऐरणीवर आला. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग व रॉबर्ट केनेडी यांच्याही हत्या झाल्या आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये 'गन कंट्रोल अ‍ॅक्ट' हा कायदा अस्तित्वात आला. शस्त्रविक्रीचा व्यवसाय करणाऱ्यास संघराज्याचा परवाना सक्तीचा झाला. एका राज्यातील विक्रेत्याने दुसऱ्या राज्यातील सामान्य ग्राहकाच्या घरी थेट शस्त्र पाठविण्यास बंदी आली. या कायद्याने जाहिरातीला आणि किमतीच्या आकड्याला मात्र हात लावला नाही. पार्सल ग्राहकाच्या दारात पोहोचण्याची वाट त्याने बंद केली, कूपन मासिकात छापण्याची वाट खुली ठेवली. हा भेद कायदेमंडळाने कितपत जाणीवपूर्वक केला, हा इतिहासकारांचा विषय आहे. तथापि विक्रेत्यांनी आपल्या किमती संकेतस्थळावर उघडपणे द्याव्यात काय, या आजच्या वादाचा उलगडा करताना तो फार उपयोगी पडतो. प्रस्तुत लेखात या वादाची आर्थिक व कायदेविषयक बाजू तपासली आहे.

व्यवहाराचे आजचे स्वरूप

'अमेरिकेत बंदूक इंटरनेटवरून मागवता येते' हे विधान आपल्याकडे सर्रास केले जाते. ते अर्धसत्य आहे. परवानाधारक विक्रेत्याच्या संकेतस्थळावर ग्राहक शस्त्र निवडू शकतो आणि पैसेही भरू शकतो. परंतु शस्त्र त्याच्या घरी येत नाही. ते ग्राहकाच्या गावातील वा जवळच्या दुसऱ्या परवानाधारक विक्रेत्याकडे पाठविले जाते. तेथे ग्राहकास स्वतः हजर राहून ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरावा लागतो, ओळखपत्र दाखवावे लागते आणि त्याच्या पूर्ववृत्ताची पडताळणी होते. १९९३ च्या ब्रेडी कायद्यानुसार उभारलेली ही राष्ट्रीय पडताळणी व्यवस्था ३० नोव्हेंबर १९९८ पासून कार्यरत आहे. स्थानिक विक्रेता या कामासाठी ग्राहकाकडून 'हस्तांतरण शुल्क' घेतो. ते किती असावे हे संघराज्याचा कायदा ठरवीत नाही. प्रत्येक दुकानदाराचा आकार वेगळा असतो.

या रचनेमुळे अमेरिकन बंदूकबाजाराला एक आगळे वैशिष्ट्य प्राप्त झाले आहे. पुस्तक, कॅमेरा किंवा पादत्राणे यांच्या बाबतीत दूरच्या विक्रेत्याने ग्राहक ओढून नेला की गावातील दुकानदाराच्या पदरी काहीच पडत नाही. बंदुकीच्या बाबतीत तो ग्राहक कायद्यानेच पुन्हा गावातील दुकानात आणून सोडलेला असतो. या वैशिष्ट्याकडे पुढे परत यावे लागेल.

किंमत झाकली जाते ती कोणाकडून?

अमेरिकेतील शस्त्रविक्रेत्यांची संकेतस्थळे पाहणाऱ्यास अनेक ठिकाणी किमतीच्या जागी 'किंमत पाहण्यासाठी वस्तू टोपलीत टाका' किंवा 'भावासाठी दूरध्वनी करा' अशा सूचना आढळतात. शस्त्रासारख्या संवेदनशील वस्तूबाबत सरकारनेच असा संकोच पाळायला लावला असावा, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. या सूचनांमागे बहुधा उत्पादकाचे 'किमान जाहिरात किंमत' हे धोरण असते.

हे धोरण असे चालते. उत्पादक आपल्या विक्रेत्यांना कळवितो की, अमुक पिस्तूल ४९९ डॉलरच्या खाली जाहिरातीत दाखवू नये. प्रत्यक्ष दुकानात विक्रेत्याने ते ४५० ला विकले तरी उत्पादकाची हरकत नसते. हरकत असते ती ४५० हा आकडा सर्वांना दिसण्याला. नियम मोडणाऱ्याचा जाहिरातखर्चातील वाटा बंद होतो, क्वचित मालाचा पुरवठाही थांबतो. अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने १९१९ च्या कोलगेट खटल्यात उत्पादकास असे स्वातंत्र्य दिले की, तो आपल्या अटी एकतर्फी जाहीर करून त्या न पाळणाऱ्याशी व्यवहार नाकारू शकतो. पुढे २००७ च्या लीजिन खटल्यात न्यायालयाने १९११ पासूनचा दंडक मोडीत काढला आणि किमान विक्री किंमत ठरविणारे करारदेखील सरसकट बेकायदा न मानता प्रत्येकाचा परिणाम तपासून पाहावा, असे ठरविले. या धोरणाला मर्यादा मुळीच नाहीत असे नाही. संगीताच्या ध्वनिमुद्रिका विकणाऱ्या पाच मोठ्या कंपन्यांनी अशीच धोरणे राबविली, तेव्हा त्यामुळे तीन वर्षांत ग्राहकांना ४८ कोटी डॉलरपर्यंत भुर्दंड पडल्याचा अंदाज संघराज्याच्या व्यापार आयोगाने २००० मध्ये वर्तविला आणि त्या कंपन्यांना ती सोडणे भाग पाडले.

भारतीय वाचकाला हे सारे उलटे वाटेल. आपल्या वेष्टनावर 'कमाल किरकोळ किंमत, सर्व करांसह' असे छापण्याची सक्ती आहे. तिच्यापेक्षा जास्त घेता येत नाही, कमी घेण्याला आडकाठी नाही. तिकडे आकडा उत्पादक ठरवितो आणि त्याच्या खाली बोलायचे नाही, अशी अट असते. अर्थात आपल्याकडेही या प्रवृत्तीचे दर्शन होतेच. मुंबई वगळता उर्वरित महाराष्ट्र व गोवा या विभागातील मोटारविक्रेत्यांना ठरावीक मर्यादेपलीकडे सवलत देऊ दिली जात नाही, अशा निनावी तक्रारीवरून सुरू झालेल्या चौकशीत भारतीय स्पर्धा आयोगाने २०२१ मध्ये मारुती सुझुकी कंपनीला २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यावर कंपनीने अपील केले. वस्तू निराळी असली तरी किमतीच्या स्पर्धेला बांध घालण्याची रीत तीच.

उत्पादकांखेरीज काही खाजगी व्यासपीठांनीही या बाजारावर पडदा ओढला आहे. ईबेने १९९९ मध्ये बंदुकांची विक्री बंद केली. गूगलने २०१२ मध्ये आपल्या खरेदी-शोध सेवेतून शस्त्रे वगळली. फेसबुकने २०१६ मध्ये खाजगी व्यक्तींमधील शस्त्रविक्रीस मनाई केली. हे त्या त्या कंपन्यांचे निर्णय आहेत, कायदा नव्हे. परिणाम मात्र असा झाला की, साबण किंवा दूरदर्शन संचाच्या किमती जशा एका दृष्टिक्षेपात ताडून पाहता येतात, तशा बंदुकीच्या सर्वसाधारण शोधयंत्रावर पाहता येत नाहीत. त्यासाठी या व्यवसायापुरत्या मर्यादित संकेतस्थळांकडे वळावे लागते.

माहितीचे मोल

जॉर्ज स्टिगलर यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या विचारानुसार किंमत शोधण्यालाही खर्च असतो. ग्राहकाचा वेळ, प्रवास आणि दूरध्वनी हे सर्व त्यात आले. हा खर्च जितका जास्त, तितकी एकाच वस्तूच्या किमतीतील तफावत टिकून राहते. ली बेनहॅम यांनी १९७२ मध्ये चष्म्यांच्या बाजाराचा अभ्यास करून दाखविले की, ज्या राज्यांत जाहिरातीवर निर्बंध होते तेथे चष्मे लक्षणीयरीत्या महाग होते. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने औषधांच्या किमती जाहीर करण्यावरील व्हर्जिनिया राज्याची बंदी रद्द केली, तीही याच दिशेने.

चष्मा आणि औषध या निरुपद्रवी वस्तू आहेत, बंदूक नाही, हा आक्षेप येथे रास्त ठरतो. म्हणूनच मद्याचे उदाहरण अधिक जवळचे आहे. ऱ्होड आयलंड राज्यात १९५६ पासून मद्याच्या किमतींची जाहिरात करण्यास बंदी होती. स्वस्ताई लोकांना कळली नाही म्हणजे ते कमी पितील, असा राज्याचा युक्तिवाद होता. '४४ लिकरमार्ट' या खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी घटनाबाह्य ठरविली. मद्यपान कमी करायचे तर कर वाढवावा, लोकशिक्षण करावे, खरी माहिती दडवू नये, असा त्यातील प्रमुख अभिप्रायाचा रोख होता. निकालानंतर प्रत्यक्षात काय घडले याचा शोध मिलिओ व वॉल्डफोगेल या अर्थशास्त्रज्ञांनी घेतला. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात असे आढळले की, जाहिरात करणाऱ्या दुकानांनी ज्या बाटल्यांची जाहिरात झाली त्यांच्याच किमती उतरविल्या. इतर मालाच्या किमती जवळपास जागच्या जागी राहिल्या. म्हणजे जाहिरात खुली होताच सर्वत्र स्वस्ताईचा पूर येतो हे भय आणि ग्राहकाचे सर्वांगीण कल्याण होते ही आशा, दोन्ही अतिशयोक्तच म्हणावे लागतील.

झाकलेल्या किमतीचा आणखी एक बळी असतो, त्याची चर्चा कमी होते. किंमत लिहिलेली नसली की ती घासाघिशीत ठरते आणि घासाघिशीत सर्व ग्राहक सारखे नसतात. इयन एअर्स यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिकागोतील मोटारविक्रीच्या अभ्यासात, एकाच पद्धतीने बोलणी करण्याचे प्रशिक्षण दिलेल्या परीक्षकांपैकी स्त्रियांना व कृष्णवर्णीयांना गोऱ्या पुरुषांपेक्षा चढे भाव सांगितले गेले. हा अभ्यास मोटारींचा आहे. बंदुकीच्या दुकानाला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. परंतु पहिल्यांदाच शस्त्र घेणारी व्यक्ती, विशेषतः नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या गोतावळ्यात परकी वाटणारी व्यक्ती, त्या फळीपाशी कमकुवत बाजूने उभी असते, हे अनुमान फारसे धाडसाचे नाही. भिंतीवर लिहिलेला आकडा निदान माणूस पाहून बदलत नाही.

विक्रेत्यांचे म्हणणे

लहान विक्रेत्यांचा विरोध निव्वळ स्वार्थाचा म्हणून झटकून टाकणे योग्य होणार नाही. ग्राहक दुकानात येतो, चार पिस्तुले हाताळून पाहतो, कोणते हातात नीट बसते हे विचारतो, तासभर सल्ला घेतो आणि घरी जाऊन वीस डॉलर स्वस्त मिळते म्हणून दूरच्या विक्रेत्याकडे मागणी नोंदवितो. लेस्टर टेल्सर यांनी १९६० मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला होता. फुकट सल्ला घेऊन खरेदी अन्यत्र करणारे वाढले की सल्ला देणेच बंद पडते. म्हणून उत्पादकाला किमतीची स्पर्धा आवरण्यात रस असू शकतो. शस्त्राच्या बाबतीत हा सल्ला शोभेचा नसतो. सुरक्षित साठवण, कुलूप, लहान मुलांपासून दूर ठेवणे या गोष्टी नवख्या ग्राहकाला कोणी तरी समोर बसून सांगणे गरजेचे असते.

तथापि टेल्सर यांचा युक्तिवाद या बाजाराला अर्धाच लागू पडतो. वर म्हटल्याप्रमाणे कायदा दूरच्या विक्रेत्याचा ग्राहक गावातील दुकानात परत आणतो. तेव्हा दुकानदाराने आपल्या सेवेचे मोल हस्तांतरण शुल्कातून उघडपणे घ्यावे, हा मार्ग त्याला खुला आहे. एक काल्पनिक हिशेब पाहू. दूरच्या संकेतस्थळावर पिस्तूल ४५० डॉलरला आहे, पाठवणीचे २० आणि गावातील दुकानाचे हस्तांतरण शुल्क ४० धरले तर ग्राहकाला ते ५१० ला पडते. गावातील दुकानात तेच ४९५ ला असेल, तर ते स्वस्त आहे. पण दुकानदाराने ना आपली किंमत लिहिली, ना आपले शुल्क. मग ४५० हा एकच आकडा ग्राहकाच्या डोळ्यांसमोर राहतो आणि दुकानदार स्वतःच्या मौनामुळे गिऱ्हाईक गमावतो. किंमत झाकल्याने लहान दुकान वाचते, ही समजूत या हिशेबापुढे टिकत नाही. शिवाय अमेरिकेत दर्शविलेल्या किमतीत विक्रीकर सामान्यतः धरलेला नसतो, हेही लक्षात घ्यावे लागते. म्हणून 'किंमत जाहीर करावी' याचा अर्थ शस्त्राची किंमत, हस्तांतरण शुल्क, कर व राज्याचे शुल्क यांसह दुकानाबाहेर पडताना खिशातून जाणारी एकूण रक्कम जाहीर करावी, असा घ्यावयास हवा. अर्धा आकडा दाखविणे हेही एक प्रकारचे झाकणेच आहे.

किमती रोज बदलतात, ही दुसरी सबब. २०२० मध्ये पूर्ववृत्त पडताळणीच्या नोंदींची संख्या ३ कोटी ९० लाखांच्या वर गेली. त्या काळात दारूगोळ्याचा तुटवडा पडला आणि सकाळचा भाव संध्याकाळी राहीना. परंतु छापील सूचीची ही अडचण संकेतस्थळाला तितकीशी जाणवू नये. जुन्या, वापरलेल्या शस्त्रांचे मात्र वेगळे आहे. प्रत्येक नगाची अवस्था निराळी असल्याने तेथे बोलणीला वाव ठेवणे समजण्यासारखे आहे.

स्वस्त शस्त्र आणि समाजाची किंमत

वादाचा खरा गाभा येथे आहे. अमेरिकेत २०२१ मध्ये ४८,८३० माणसे बंदुकीने मृत्यू पावली. त्यांतील २६,३२८ आत्महत्या होत्या. अशा वस्तूच्या बाजारात स्पर्धा वाढवून ती स्वस्त करणे कोणाच्या हिताचे, असा प्रश्न विचारला जातो आणि तो विचारलाच पाहिजे. ग्राहकहिताचे अर्थशास्त्र विक्रेता व ग्राहक यांच्यापुरते पाहते. गोळी लागणारा तिसरा माणूस त्याच्या हिशेबात नसतो.

किमतीची अपारदर्शकता शस्त्रांना आवर घालू शकते, याला पुरावाही आहे. फिलिप कुक, जेन्स लुडविग, सुधीर वेंकटेश व अँथनी ब्रागा यांनी २००७ मध्ये शिकागोतील चोरट्या शस्त्रबाजाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथे विकणारा कोठे आहे, माल चालतो की नाही, भाव किती, यांपैकी काहीच खात्रीने कळत नाही. दलालाला ३० ते ५० डॉलर मोजावे लागतात, कित्येक सौदे मोडतात आणि हलक्या प्रतीच्या पिस्तुलालाही कायदेशीर बाजारापेक्षा कितीतरी जास्त पैसे पडतात. अज्ञान हाच तेथील मोठा अडसर आहे.

हा निष्कर्ष परवानाधारक दुकानाला लावताना मात्र गफलत होते. चोरट्या बाजारात पडताळणीची फळी नाही, म्हणून अज्ञानाने ते काम केले. परवानाधारकाकडे ती फळी आहे. शिवाय २०१६ मध्ये कैद्यांच्या झालेल्या राष्ट्रीय पाहणीत, गुन्ह्याच्या वेळी बंदूक बाळगणाऱ्यांपैकी सुमारे ९० टक्के कैद्यांनी ती किरकोळ दुकानातून घेतलेली नव्हती, असे आढळले. दुकानातील किंमत झाकून त्यांना अडविता येत नाही. आत्महत्येच्या बाबतीतही घरात आधीपासून असलेले शस्त्र आणि खरेदीनंतरचा प्रतीक्षाकाळ हे प्रश्न वीस-तीस डॉलरच्या फरकापेक्षा फार मोठे आहेत.

बंदूक महाग असावी असे एखाद्या राज्याला वाटले तर त्यासाठी उघड साधन उपलब्ध आहे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार पिस्तुलांवर १० टक्के व लांब नळीच्या शस्त्रांवर आणि दारूगोळ्यावर ११ टक्के अबकारी कर उत्पादकाकडून घेतला जातो व तो वन्यजीवसंवर्धनावर खर्च होतो. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०२४ पासून विक्रेत्यांवर ११ टक्क्यांचा वेगळा कर बसविला. कराने वाढलेली रक्कम सरकारी तिजोरीत जाते आणि तिचा हिशेब मागता येतो. झाकलेल्या किमतीने वाढलेली रक्कम विक्रेत्याच्या वा उत्पादकाच्या गल्ल्यात जाते. सामाजिक सुरक्षिततेचे नाव घेऊन दुसऱ्या मार्गाचे समर्थन करणे म्हणूनच पटत नाही.

भारतातील एक प्रसंग या ठिकाणी आठवतो. २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी आयुध निर्माणीने स्त्रियांसाठी म्हणून 'निर्भीक' हे हलके रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. त्याची सुमारे १ लाख २२ हजार रुपयांची किंमत देशभरच्या वृत्तपत्रांनी छापली. त्या किमतीवर टीका पुष्कळ झाली. परंतु आकडा प्रसिद्ध झाल्यामुळे शस्त्र कोणाच्याही हाती पडेल, अशी भीती कोणाला वाटली नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवाना आधी आणि खरेदी नंतर, हा क्रम ठाऊक असल्याने किंमत हा गौण तपशील ठरला.

फळी नसलेली जागा

परवानाधारकाच्या दुकानातील फळीही निर्दोष नाही. पडताळणीचे उत्तर तीन कामकाजी दिवसांत आले नाही तर संघराज्याच्या कायद्यानुसार विक्रेता शस्त्र देऊ शकतो. २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ जणांचा बळी घेणाऱ्या इसमाला पिस्तूल असेच मिळाले होते. याहून मोठे छिद्र खाजगी विक्रीचे आहे. व्यवसाय म्हणून विक्री न करणाऱ्या व्यक्तीने त्याच राज्यातील दुसऱ्या व्यक्तीला शस्त्र विकल्यास संघराज्याचा कायदा पडताळणीची सक्ती करीत नाही. काही राज्यांनी ती आपल्या कायद्याने केली आहे. २०२२ च्या कायद्याने 'व्यवसाय करणारा' या संज्ञेची व्याप्ती वाढविली, तरी हा वर्ग पूर्णतः मिटलेला नाही.

विस्कॉन्सिन राज्यातील एका प्रकरणावरून याची कल्पना येते. न्यायालयाच्या मनाई हुकुमामुळे शस्त्र बाळगण्यास अपात्र ठरलेल्या एका इसमाने २०१२ मध्ये 'आर्म्सलिस्ट' या जाहिरातींच्या संकेतस्थळावरून खाजगी विक्रेता शोधला, पिस्तूल मिळविले आणि आपल्या पत्नीसह तीन स्त्रियांची हत्या केली. फिर्यादीतील म्हणण्यानुसार, त्या संकेतस्थळावर केवळ खाजगी विक्रेतेच दिसावेत अशी निवड करण्याची सोय होती आणि त्याने तिचाच उपयोग केला. २०१९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, इतरांनी दिलेल्या मजकुराबद्दल संकेतस्थळचालकास संरक्षण देणाऱ्या १९९६ च्या संघराज्य कायद्याचा आधार घेऊन, हा दावा फेटाळला. निवडीची ती सोय किमतीच्या क्रमाची नव्हती, विक्रेत्याच्या प्रकाराची होती. आणि तिच्याबद्दल कोणास जबाबदार धरावे, हा प्रश्न त्या निकालाने सोडविला नाही.